जर्मनमामा आणि मागची खोली

भाड्याची खोली बघायला गेले की जर्मनमामा आधी आडनाव सांगत, मग नमस्कार करत. "चहा टाकायच्या आधीच निकाल लागलेला बरा," ते म्हणत. "उगाच त्यांचं दूध वाया नको."

माझे हे सख्खे मामा नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. सत्तरच्या दशकात तिथे जर्मन यंत्रं आली, तेव्हा ती शिकायला कारखान्याने त्यांना काही महिने जर्मनीला धाडलं. तिथे ते एका विधवा बाईंकडे राहिले, त्यांच्याच टेबलावर जेवले. परतले ते मोडकीतोडकी भाषा आणि हे टोपणनाव घेऊन. आमच्या बौद्ध वस्तीत त्यांचं केवढं कौतुक! पण वस्तीबाहेर खोली काही मिळेना.

पुढे तिकडचा एक इंजिनिअर वर्षभरासाठी नाशकात आला. त्याच्यासाठी घर बघायला दुभाषे म्हणून मामाच गेले. कॉलेज रोडला एका वकिलांचा बंगला होता. साहेबाच्या कौतुकात मामांना आडनाव कोणी विचारलंच नाही.

"हे गाईचं मांस खातात. चालेल ना?" मामांनी मुद्दाम विचारलं.

"अहो, त्यांची संस्कृतीच वेगळी," वकील हसले. "आपण मन मोठं ठेवायला हवं."

"मागची खोली रिकामी दिसते. ती मला द्याल?" मामा म्हणाले, आणि आडनाव सांगितलं.

वकिलांनी कप खाली ठेवला. "आमच्या आईचं सोवळं फार कडक आहे हो."

काय म्हणतात, असं इंजिनिअरने विचारलं. "खोली गळते म्हणाले," मामांनी जर्मनमध्ये सांगितलं.

घरी हे ऐकून मामी भडकल्या. "खरं का नाही सांगितलंत त्याला?"

"दमलो होतो गं," एवढंच मामा म्हणाले.

वर्षाने परत जाताना त्या इंजिनिअरने मामांना तिकडच्या नोकरीचं विचारलं. मामी मनातून केव्हाच निघाल्या होत्या. मामांनी नकार दिला आणि शेवटपर्यंत वस्तीतच राहिले.

त्यांच्या आजारपणात मी एकदा विचारलं, "मामा, तुम्ही गेला का नाहीत?"

मामा उशीला टेकून बसले. मग म्हणाले, "तिकडची घरमालकीण बाई चांगली होती गं. तापात माझ्या उशाशी बसली. पण पलीकडच्या गल्लीत तुर्की कामगार राहायचे. जेवताना रोज त्यांच्यावर घसरायची. घाणेरडे, चोर, असल्यांना कुणी घर देऊ नये, म्हणायची."

"आणि तुम्ही?"

"त्यांच्यात 'या' म्हणजे 'हो'. पुढ्यात गरम सूप असायचं. मी मान डोलवत 'या, या' म्हणायचो."