भिजवलेली पत्ती

रज्जाकभाई गेल्याचं मला तासगावच्या एस.टी. स्टँडवर कळलं. त्यांच्याच बँडमधला ढोलवाला मधू भेटला नि म्हणाला, "सुभेदार, भाई गेलं की वं... सकाळीच मातीबी झाली." मी तिथंच बाकड्यावर बसलो. तीन महिने आमचं बोलणं नव्हतं, आणि चूक त्यांचीच असं मी धरून चाललो होतो.

भाई एरवी शिलाई मशीनवर बसायचे आणि लग्नसराईत सॅक्सोफोन वाजवायचे. काय वाजवायचे! वरातीत आम्ही पाच-सहा जण बँडच्या पुढं, भाईंकडं तोंड करून उलटं चालायचो. एकदा तर त्यांच्या नादात इस्लामपुरात अनोळखी लग्नाच्या पंगतीत जाऊन बसलो. वाढपी म्हणाला, "कुणीकडचं पाव्हणं?" मी ठणकावून सांगितलं, "सॅक्सोफोनकडचं!" त्यानं मुकाट्यानं जिलेबी वाढली.

मी फौजेत असताना आमच्या बँडमास्तरानं मला सॅक्सोफोनवरच्या जॅझची एक कॅसेट दिली होती. सुट्टीवर आलो की ती भाईंना ऐकवायची, एवढंच डोक्यात. भाईंनी मशीन थांबवून ती दोनदा ऐकली. म्हणाले, "ह्यो गडी वाट सोडून रानात शिरतोय की, सुभेदार... पर घरला बरूबर येतोय." पुढं म्हसवडच्या एका वरातीत त्यांनी नेहमीचं लग्नाचं गाणं धरलं आणि मधेच सोडून दिलं. कुठल्या कुठं गेले! ढोल थांबले, घोडं थांबलं. नवऱ्याचा बाप ओरडला, "आवं, नीट वाजवा की!" भाई डोळे मिटून वर वर चढतच राहिले... आणि मग अलगद त्याच गाण्यावर येऊन उतरले. ओरडणारा बाप तोंड उघडं टाकून उभा. माझ्या अंगावर काटा आला, तो आजही येतो. एवढं मोठं काहीतरी आपल्या धुळीच्या रस्त्यावर घडतंय, याचं मला भ्यावच वाटलं.

भाईंची एक रीत होती. सॅक्सोफोनच्या तोंडाशी बोरूची पातळ पत्ती असते, ती ओली नसली तर सूर लागत नाही. वाजवायच्या आधी बराच वेळ ते ती तोंडात भिजवत ठेवत. तेवढ्यात खाणं नाही, बोलणं नाही, नुसतं मानेनं हो-नाही. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं.

माझ्या पोराच्या लग्नात मात्र डीजे आला. पोराचा हट्ट, आणि मी गप्प बसलो. भाईंना तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून नुसती पत्रिका धाडली. तरी ते आले. कडक इस्त्रीचा सदरा, हसरा चेहरा. म्हणालो, "भाई, जेवून जावा." त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. "रागावलासा व्हय?" पुन्हा तशीच मान. अक्षता पडल्या, डीजे दणाणला आणि भाई न जेवता निघून गेले. माझ्या मांडवात येऊन एवढा ताठा! लय राग आला. मग मीही त्यांच्या दुकानाची पायरी चढलो नाही.

भाई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी त्यांच्याकडं गेलो. मशीनवर बँडचा लाल कोट तसाच अर्धा शिवलेला होता. भाभींनी मशीनच्या खणातून चुन्याची एक जुनी डबी काढून माझ्या हातात ठेवली.

"तुमच्या पोराच्या लगनात हीच पत्ती तोंडात हुती," त्या म्हणाल्या. "बाजा भाईर रिक्षात ठिवला हुता. म्हनत हुतं, सुभेदार वाजवा म्हनलं तर तयारी पायजे..."

ज्याच्यासाठी मी आयुष्यभर उलटा चाललो, तो माणूस माझ्याच मांडवात माझ्या एका शब्दासाठी ताटकळत उभा होता.

डबी उघडली. पत्ती कोरडी होती.