उसने खेळाडू देणारे शिंत्रेकाका

श्री. दत्तात्रय शिंत्रे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मिसळीच्या पातेल्यामागे. मेलबर्नपासून तीन तासांच्या ड्राइव्हवर असलेल्या मेरिडेल या गावात मी तेव्हा नुकतीच आले होते. मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात शिक्षण संपलेलं, पीआरला, म्हणजे कायम राहायच्या परवान्याला, लागणारे पॉइंट्स शहराबाहेरच्या रीजनल नोकरीने मिळतील म्हणून इथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, रुजू झालेली, आणि संध्याकाळी पाचनंतर बोलायला माणूस नाही. एका रविवारी उगाच भटकत असताना शोग्राउंडच्या, म्हणजे गावच्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानाच्या, मागून कांदा-खोबरं भाजल्याचा वास आला. वासामागे गेले, तर एक छोटं फुटबॉलचं मैदान, पत्र्याचं कँटीन, आणि आत गळ्यात निळापांढरा मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ चिखलाने माखलेल्या गोऱ्या मुलींना कट वाढत होते.

मी दाराशी घुटमळले. त्यांनी डाव खाली न ठेवताच विचारलं, "मराठी हाय न्हवं? मग भाईर का हुबारलीस? ये, जेव आधी."

जेवण झाल्यावर दुसरा प्रश्न आला, "फुटबॉल खेळतीस काय?"

"शाळेत खेळायचे, पण आता..."

"झालं तर. मंगळवारी ट्रेनिंगला ये."

नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा माझी निवड इतक्या झटपट झाली नव्हती. निवडीचं खरं कारण मंगळवारी समजलं. आमच्या संघाला अकरावी मुलगी मिळत नव्हती.

शिंत्रेकाका येत्या महिन्यात पंच्याहत्तरी पूर्ण करत आहेत. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणजे मेरिडेल युनायटेड या क्लबचा इतिहास लिहायचा, आणि तो लिहिताना पंचाईत होते, कारण कपाटात एकही ढाल नाही. या गावाचा खेळ म्हणजे लांबट चेंडूची फूटी, ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल. तिला मोठं मैदान, मोठे दिवे, मोठे प्रायोजक. आमच्या गोल चेंडूला शोग्राउंडमागची उतरती जमीन मिळाली. फळबागांत आणि दुधाच्या कारखान्यात कामाला आलेल्या इटालियन आणि डच कुटुंबांनी ती सपाट केली. त्यांची मुलं शिकून शहराकडे गेली, मग इतर देशांतली माणसं आली, त्यांचीही मुलं गेली. कुठल्याही लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवर आमचं नाव कधी दिसलं नाही. पण क्लब बंद पडला नाही, आणि त्यात काकांचा वाटा मोठा आहे.

काका दूध भुकटीच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले. मूळचे कोल्हापूरचे, तिथे तालमीच्या संघातून डाव्या बगलेला बचावपटू म्हणून खेळलेले. कोल्हापुरात पेठेपेठेचा संघ असतो आणि सामना हरलेला खेळाडू आठवडाभर तोंड लपवून हिंडतो, हे इथल्या लोकांना ते मोठ्या अभिमानाने सांगत. क्लबच्या अध्यक्ष मारिया या संस्थापकांपैकी एकाच्या कन्या. त्यांनी हे ऐकून काकांना ताबडतोब प्रशिक्षक केलं. नावं तोडून त्यांना 'ओ' जोडायच्या इथल्या सवयीनुसार दत्तात्रयचं 'डॅटो' झालं, आणि गावात तेच रूढ झालं.

क्लबची जेवणाची प्रथा एका चुकीतून सुरू झाली. काकांच्या पहिल्याच घरच्या सामन्याला ब्रॅडली फ्लॅटचा संघ दूरवरून गाडी हाकत आला. पाहुणी माणसं दारात आली आणि त्यांना उपाशी मैदानात उतरवायचं, हे कोल्हापूरच्या माणसाला पटेना. त्यांनी आणि सुनंदाकाकूंनी सामन्याआधीच पाहुण्यांना पोटभर मिसळ वाढली, वर आग्रहही केला. ब्रॅडली फ्लॅटचे खेळाडू पहिल्या अर्ध्यात कसेबसे चालले, दुसऱ्यात तेही जमेना. मेरिडेलने त्या मोसमातला पहिला विजय मिळवला. समोरच्यांनी लेखी तक्रार करायचं ठरवलं होतं म्हणतात, पण ती लिहायला बसण्याआधी त्यांनी काकूंना मसाल्याची कृती विचारली, आणि तक्रार राहून गेली. तेव्हापासून क्लबचा नियम आहे की जेवण सामन्यानंतर, आणि दोन्ही संघांनी एकत्र. काका अजून गंभीर चेहऱ्याने सांगतात की त्यांचा हेतू शुद्ध होता. काकू त्या वेळी दुसरीकडे बघतात.

त्यांचा दुसरा नियम मात्र कुणाला सहज पचला नाही. पाहुण्यांकडे खेळाडू कमी असतील तर आपल्या राखीव खेळाडूंतला एक त्यांना उसना द्यायचा. आमच्या ग्रामीण लीगमध्ये दोन्ही संघ राजी असतील तर तशी मुभा आहे, पण मुभा आहे म्हणून ती कुणी वापरत नाही. समोरचे आपोआप हरत असतील तर आयते गुण कोण सोडतो? काका सोडत. ते म्हणत, "माणसं तीन-तीन तास गाडी मारत येत्यात. सामना झाला पायजे."

या नियमाची खरी किंमत आम्ही ज्या दिवशी मोजली, त्या दिवशी उसनी गेलेली खेळाडू मीच होते.

मोसमातला शेवटचा सामना होता, घरच्या मैदानावर. समोर ब्रॅडली फ्लॅट. जिंकलो तर क्लबच्या इतिहासातली पहिली ढाल आमची. त्यांची एक गाडी वाटेत बंद पडली आणि पोचल्या मोजक्याच मुली. त्यांच्या प्रशिक्षक ट्रेसी यांनी उसासा टाकून सांगितलं की असू देत, आम्ही कमी जणींनीच खेळतो. काका म्हणाले, "नो वरीज. एक देतो." आणि बाकावर बसलेल्या माझ्याकडे बोट केलं. मारिया यांनी कपाळावर हात मारला.

मी हळूच मराठीत विचारलं, "काका, अहो आज फायनलसारखं आहे. मी नुसती उभी राहू का कडेला?"

काकांचा चेहरा मी तेवढा कडक कधी पाहिला नव्हता. "ज्यांची जर्सी अंगात, त्यांच्यासाठी जीव लावून खेळायचं. गोल दिसला तर मारायचा. मुद्दाम चुकलीस, तर मला तोंड दावू नको."

सामना संपत आला तरी गोल नव्हता. मग एक चेंडू उसळून माझ्या पायाशी आला, समोर जाळं मोकळं होतं, आणि मी मारला. तो आत गेल्यावर ब्रॅडली फ्लॅटच्या लाल जर्सीतल्या मुली माझ्या अंगावर कोसळल्या. माझ्या रोजच्या मैत्रिणी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आमच्या बाजूच्या काठावर एकच माणूस टाळ्या वाजवत होता, शिंत्रेकाका. ढाल ब्रॅडली फ्लॅटला गेली.

त्या रात्री जेवण झालं, प्रथेप्रमाणे एकत्रच, पण चमच्यांचाच आवाज जास्त होता. मारिया काकांशी कित्येक आठवडे कामापुरतं बोलत होत्या. दोन मुलींचे पालक स्पष्ट म्हणाले की असल्या भोळेपणापायी क्लब एक दिवस बुडेल. काकांनी कुणाशी वाद घातला नाही. त्यांना वाईट वाटलं नसेल, असं मात्र समजू नका. ढालीसाठी कपाटात त्यांनी स्वतः फळी बसवली होती. ती अजून तशीच आहे, तिच्यावर काकू मसाल्याचे डबे ठेवतात.

काकांचे आम्हा मराठी मंडळींवरचे उपकार सांगायचे तर पुस्तक अपुरं पडेल. कुणाच्या बाळंतपणात काकूंचे डिंकाचे लाडू, कुणाला भाड्याच्या घरासाठी काकांचा शब्द. मी माझ्यापुरतं एकच सांगते. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घ्यायची वेळ आली तेव्हा भारताचा पासपोर्ट परत करावा लागणार होता, आणि बाबांना ते रुचलं नव्हतं. मी काकांच्या अंगणात जाऊन रडले. काका म्हणाले, "दोन्ही घरं तुझीच की गं. हितं खेळतीस, तर हितं जीव लावून खेळ. कोल्हापूर माझ्यातनं गेलंय काय?" कोल्हापूर त्यांच्यातून तसूभरही गेलेलं नाही, याला अख्खं मेरिडेल साक्षी आहे. त्या दिवशी मला त्या ढालीच्या सामन्याचा राग सोडता आला. मी तो तोवर मनात धरून ठेवला होता, हेही मला तेव्हाच कळलं.

मग गेल्या मोसमात खेळाडू कमी पडायची वेळ आमच्यावर आली. दुधाच्या कारखान्याने कामाची एक पाळी बंद केली, काही कुटुंबं डार्विनला गेली, काही मेलबर्नला. पुरुषांचा संघ आधीच मोडला होता. मोठ्यांचा म्हणावा असा महिलांचाच संघ उरला. एका सामन्याला आम्ही संघच उतरवू शकलो नाही. पुन्हा तसं झालं असतं तर लीगने आमचं नाव काढलं असतं, आणि लीगबाहेरच्या क्लबकडे कौन्सिल मैदान ठेवत नाही. मी त्याच कौन्सिलमध्ये काम करते. त्या जागेवर पार्किंगचा विचार सुरू झाल्याचं मला ठाऊक होतं.

ब्रॅडली फ्लॅटविरुद्धच्या घरच्या सामन्याला सकाळी तापाचे मेसेज येऊ लागले. मैदानावर आम्ही सहाजणी जमलो. सामना सुरू करायला किमान सात लागतात. काका सकाळपासून फोन करत होते. शेवटी ते बाकावर बसले आणि मफलर काढून मांडीवर घडी घालू लागले. त्यांना थकलेलं मी प्रथमच पाहिलं. मला खरंच भीती वाटली.

पाहुण्यांच्या गाड्या आल्या. ट्रेसींनी आमच्याकडे एक नजर टाकली. आम्ही उतरलो नसतो तर आयते गुण त्यांचे होते, आणि त्या गुणांवर त्यांचा अंतिम फेरीतला प्रवेश अवलंबून होता. त्या सरळ काकांपाशी गेल्या.

"हाउ मेनी डू यू नीड, डॅटो?"

काकांनी आमच्याकडे बघत बोटं मोजायला सुरुवात केली. मारिया म्हणाल्या, "फाइव्ह."

ट्रेसी मागे वळल्या, आणि त्यांनी नावं पुकारायच्या आधीच पाच मुली लाल जर्सी काढून आमच्या निळ्यापांढऱ्या मागू लागल्या. त्यांतल्या निम्म्या पोरी ढालीच्या सामन्याच्या वेळी शाळेत असतील. तरी त्यांना ती गोष्ट पाठ होती. काका उठले, डोळे पुसले, आणि म्हणाले, "कम, कम, फर्स्ट यू ऑल ईट."

"नॉट बिफोर द मॅच, डॅटो!" ट्रेसी ओरडल्या, आणि सगळं मैदान हसलं.

आम्ही तो सामना हरलो. आमचा एकमेव गोल त्यांच्याच उसन्या मुलीने मारला आणि काठावर ट्रेसींनी टाळ्या वाजवल्या. पण सामना झाला. आमचं नाव लीगमध्ये राहिलं, मैदान राहिलं, आणि या मोसमात आमच्याकडे बाकावर बसायलाही मुली आहेत. ज्यांनी भोळेपणा म्हणून नावं ठेवली होती, त्यांतले एक पालक आता कँटीनमध्ये कांदे चिरतात.

काकांच्या पंच्याहत्तरीनिमित्त आम्ही ब्रॅडली फ्लॅटविरुद्ध प्रदर्शनीय सामना ठेवला आहे. काय भेट देऊ, असं ट्रेसींना विचारलं, तर त्यांनी उलट मागणी केली. त्यांच्या संघात त्या दिवशी एक जागा रिकामी राहणार आहे आणि त्यांना डॅटो उसने हवे आहेत. आपल्या पेठेची सोडून दुसऱ्या कुणाची जर्सी ज्यांनी जन्मात अंगात घातली नाही, ते काका बदललेल्या गुडघ्यानिशी पाच मिनिटं लाल जर्सीत खेळणार आहेत. परवा ते मला बाजूला घेऊन विचारत होते, "पोरी, चेंडू पायात आलाच चुकून, तर काय करू?"

मी म्हटलं, "गोल दिसला तर मारायचा, काका. मुद्दाम चुकलात, तर मला तोंड दाखवू नका."

काका, आपल्या गुडघ्याला बळ मिळो, काकूंच्या हाताची चव अशीच राहो, आणि आणखी पुष्कळ वर्षं या मैदानाच्या काठावर आपला मफलर दिसत राहो. त्या दिवशी आमच्या गोलमध्ये मी उभी राहणार आहे. चेंडू अडवायचा मी जीव तोडून प्रयत्न करीन, आणि तो माझ्या हातून सुटला, तर टाळ्या वाजवणारी पहिली मीच असेन.