काळूरामच्या नडगीवरचा ठसा

पेणच्या खाडीकडच्या गावांत हळदीला काळूराम नसला तर बेंजोवाल्यांचेही हात जड होतात. वय साठीपलीकडे, गुडघे मिठागरात कधीच झिजलेले, पण बाजा सुरू झाला की हा गडी मांडवात सगळ्यांच्या पुढे. त्यामागचं गुपित त्याच्या खिशातल्या तंबाखूच्या डबीत असे. तिच्यात दुखण्याच्या गोळ्या. एक स्वतः टाकायची, बाकीच्या प्रसादासारख्या दोस्तांना वाटायच्या. रावजी तर डबी उघडायच्या आधीच हात पुढे करी. पुढेपुढे हळद नसली तरी काळूरामची रोजची गोळी चुकेना.

आता तर घरचीच हळद आली होती, धाकट्या मुलाची, निकेतची. नेमकं तेव्हाच काळूरामच्या बायकोच्या, येसूबाईच्या, डोळ्यांत नको ते भरू लागलं. सकाळी नवऱ्याचे डोळे सुजलेले दिसत. चपलेचा पट्टा पायात रुतत होता. लघवीला फेस येतो, हे तर त्याने बढाई मारत स्वतःच सांगितलं होतं. गावात तपासणीचं शिबिर आलं तशी तिने त्याला जवळजवळ मानगूट धरूनच नेलं.

काळूरामला भीती एकच, डॉक्टरीणबाई नाच बंद करतील. म्हणून त्याने रक्ताची रांग चुकवली आणि लघवीची बाटली घरी आणून नवरदेवाकडून भरून घेतली. निकेतने आधी कपाळाला हात लावला, मग बापाच्या नाचासाठी तेवढं पुण्य पदरात पाडून घेतलं.

रिपोर्ट आला तो लखलखीत. काळूराम तो घेऊन सगळ्या आळीत मिरवला. "बघ येसू, मना काय नाय झाला. जवान पोराचा रिपोर्ट हाय!" शेवटच्या वाक्यात तरी एक अक्षरही खोटं नव्हतं.

संध्याकाळी तेल चोळायच्या निमित्ताने येसूबाईने त्याचा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला, तरी खळगा तसाच. दोघांनी उमेदीची वर्षं मिठागराचा तळ तुडवण्यात घातली होती. टाचेचा ठसा राहिला की तळ कच्चा, पुन्हा तुडवा, हे तिला नव्याने शिकायचं नव्हतं.

"तल कच्चा हाय," ती म्हणाली. "आता खरा सांगा, बाटलीन कोनाचा व्हता?"

काळूरामने थट्टा करायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते एवढंच, "निकेतचा." तो घाबरला होता, चांगलाच घाबरला होता.

खऱ्या तपासणीत खरं ते निघालं. रक्तदाब वाढलेला, लघवीतून प्रथिनं चाललेली, रक्तातलं क्रिएटिनिन चढलेलं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून निम्म्याहून कमी काम करत होती.

"पन दुखला नाय कंदी," तो म्हणाला.

"म्हणून तर तपासायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुडघे बोंबलतात, मूत्रपिंड मुकाट जातं. रक्तदाब मोकाट, त्यात रोज न विचारता घेतलेल्या या डबीतल्या गोळ्या. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा. या गोळ्या बंद, मीठ कमी."

मिठागरवाल्याला मीठ कमी! येसूबाईला तेवढ्या काळजीतही हसू फुटलं. काळूरामने जीव मुठीत धरून नाचाचं विचारलं.

"हळूहळू नाचा की. नाचाने काय होतंय?"

एवढ्यासाठी त्याने पोराची बाटली पुढे केली होती.

हळदीपर्यंत औषधांनी सूज उतरली. बेंजोवाले सूर लावत होते, तेवढ्यात रावजीने सवयीने हात पुढे केला. काळूरामने डबी उघडली. आत नुसती बडीशेप. रावजीचं तोंड पडलं. काळूराम भर मांडवात उकिडवा बसला, रावजीची पँट वर सारली आणि नडगीवर अंगठा दाबला. सगळा मांडव हसायला लागला, नवरदेवासकट.

काळूरामने अंगठा काढला. खळगा भरेना. या पायांना गोळ्या त्यानेच वाटल्या होत्या, आपल्याच हातांनी, हसत हसत.

"रावज्या, उद्या माझ्यासंगं चल," तो म्हणाला. "आनि बाटली सोताच भर."