गळसरीच्या जागी हळकुंड

निशिगंधाने कमळीला पाहिलं त्याच्या आधी ऐकलं. सानपाड्याच्या मासळी बाजारावरून दवाखान्यात जाताना एक खणखणीत आवाज कानावर आला. बोंबलांवरून घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला एक कोळीण म्हणत होती, "दादा, भाव पाडायचा तर खाडीला सांगा. माजा नवरा फक्त तिचाच ऐकतो!" गिऱ्हाईक हसत हसत बोंबील घेऊन गेलं. कमळीचा धंदा असा तोंडावर चालायचा.

काही दिवसांनी तेच तोंड सुजून दवाखान्यात आलं. निशिगंधा तिथे दातांचे स्कॅन काढायची. कमळीची खालची अक्कलदाढ हाडात आडवी रुतली होती. डॉक्टर तेजस यांनी साधा एक्स-रे पाहिला. दाढेची मुळं ओठाच्या नसेला चिकटली आहेत की नुसती तिच्या शेजारून गेली आहेत, हे त्या सपाट चित्रात कळेना. चारी बाजूंनी दाखवणारा थ्रीडी स्कॅन हवा होता.

"न बघता दाढ ओढली आणि नस दुखावली, तर अर्धा ओठ बधिर राहू शकतो," त्यांनी स्पष्ट सांगितलं.

कमळीचा चेहरा उतरला. बधिर ओठाने हाळी कशी घालायची?

"मावशी, कानातलं, नाकातलं, गळ्यातलं सगळं काढा," निशिगंधा म्हणाली. "सोनं आडवं आलं की चित्रात पांढऱ्या रेघा उठतात."

कमळी पडद्यामागे गेली आणि मोकळ्या गळ्याने बाहेर आली. निशिगंधाने तिची हनुवटी टेकवून घेतली, कपाळाला पट्टा लावला आणि ती दाराकडे वळली.

"मला हितं बसवून तू कुठं पलतेस गो?"

"तुमचं एकदाच आहे, मावशी. मी दिवसभर हेच करते. दर वेळी आत थांबले तर माझ्या अंगावर किरणांचा मारा वाढत जाईल. तुमचंही सगळं डोकं नाही घेत, दुखरा कोपरा तेवढा. कमीत कमी."

स्कॅनच्या आधी नेम बरोबर लागलाय का हे बघायला मशीन एक हलकी झलक घेतं. त्या झलकेत कमळीच्या मानेमागे मण्यांची पांढरीशुभ्र ओळ चमकली. निशिगंधाने हात आवरला. असाच स्कॅन काढला असता, तर रेघा नेमक्या नसेवर आल्या असत्या आणि किरणं पुन्हा द्यावी लागली असती.

"मावशी, अंबाड्यात काय आहे?"

कमळीने अंबाड्याकडे हात नेला. मग तिने गजऱ्याखालून हळूच सौभाग्याची सोन्याच्या मण्यांची गळसरी काढून दाखवली.

"माजा नवरा, जानू, होडी घेऊन पान्यात हाय. तो किनाऱ्याला लागत नाय तवर ही अंगावरून उतरवायची नाय. आयेनं घातलेली शपथ हाय. गल्यात नको म्हनालीस, म्हनून केसात ठेवली."

"मग ते परत आल्यावर या."

"उद्या दाढ काढायचीय ना! रात्रभर कलवलतंय गो."

निशिगंधा तिच्यासमोर स्टुलावर बसली. "गळसरी तुटली तर तुमच्यात काय करतात?"

"सुताला हलकुंड बांधतात. नवी ववेपर्यंत."

"हळकुंड चालेल की! ते काही सोनं नाही, रेघा उठणार नाहीत."

शेजारच्या वाण्याकडून हळकुंड आलं. सूत मिळेना, म्हणून निशिगंधाने दात साफ करायच्या फ्लॉसचा लांब दोरा काढून त्यात ते बांधलं. कमळीने बोटाने दोरा ताणून पाहिला.

"दातांचा दोरा माज्या सौभाग्याला! जानूला सांगितलं तर हसून होडीतून पडंल." तिने हळकुंड गळ्यात घातलं आणि मगच गळसरी पुढे केली. "टेबलावर नको ठेवू. मुठीत धर."

निशिगंधा काचेमागे गेली. डाव्या मुठीत गळसरी घट्ट धरून उजव्या हाताने तिने बटण दाबलं. चित्र स्वच्छ आलं. दाढेच्या मुळांनी नसेला दोन्ही बाजूंनी कवटाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दाढेचा वरचा भाग तेवढा कापून काढला. नसेला धक्का नको म्हणून मुळांना त्यांनी हातच लावला नाही. भूल उतरली तसं कमळीने बोटांनी ओठ चाचपला, चिमटा काढला आणि कळवळून शिवी हासडली. डॉक्टर आणि निशिगंधा दोघंही हसले.

त्या मुळांना नसेजवळच ठेवून कमळी हल्ली जुन्याच जागी बसते, गळ्यात गळसरी घालून, आणि बोंबलाचा भाव रस्त्यापलीकडे ऐकू जातो.