न विचारता छाटलेली वेल

आमच्या ह्यांना हात गप्प ठेवता येत नाय, हे मी लग्नाच्या वर्षीच ओळखलं. नाव खंडेराव, दिंडोरीत द्राक्षबाग, अन् कात्री कायम मागच्या खिशात. जेवायलाही तशीच घेऊन बसतात. सप्टेंबरात सूनबाई सायलीच्या बाळंतपणासाठी आम्ही लेकाकडे, हर्षलकडे कॅनडाला गेलो. बाग पुतण्यावर, गोरक्षवर सोपवलेली. तरी बॅगेत कात्री होतीच!

हर्षल भाड्याने राहतो. वरच्या मजल्यावर घरमालकीण, मार्गारेटबाई. सत्तरीची, एकटी. अंगणात मांडवावर एकच द्राक्षाची वेल, नुसतं रान माजलेलं. ऑक्टोबर लागला तसे हे अस्वस्थ. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे छाटणी. छाटलं की पंधरवड्यात काडीचे डोळे फुटून नवी पालवी येते. "म्हातारीला कोण हाय? करून देतो," म्हणाले. बाई लेकीकडे गेली होती. हर्षल कामावर. एका दुपारी ह्यांनी वेल बोडकी करून टाकली अन् मला हाक मारून दाखवली. काय खुश होते!

संध्याकाळी बाई आली. काड्यांच्या ढिगाकडे बघत उभी राहिली, त्यातली एक उचलली अन् आत गेली.

हर्षल मात्र घरात येऊन ओरडला, "आबा, ती वेल तिच्या नवऱ्याने लावली होती! मागच्या वर्षी गेला तो. इथे थंडी सरल्यावर छाटतात. आत्ता छाटली की गारठ्याने मरते. विचारायचं तरी!"

हे जे मटकन बसले ते बसलेच. नात झाली, पेढे झाले, पण ह्यांचं चित्त वेलीत. बर्फ पडायला लागलं. रोज सकाळी चहा तसाच ठेवून अंगणात जायचे. एकदा बघते तर माझी नवी शाल वेलीला गुंडाळलेली! मी भडकले, "अहो, बाळंतीण राहिली बाजूला, झाडाला शाल?"

"मी खून केलाय गं," म्हणाले. मग मी शाल तशीच राहू दिली. बाई खिडकीतून बघायची. कधी रागावली नाय, अन् तेच ह्यांना लय लागायचं.

मार्चमध्ये गावी परत निघालो तेव्हा वेल काळी ठिक्कर पडलेली. आपल्या बागेची दुसरी छाटणी एप्रिलात असते, तिला ह्यांनी कात्री हातात घेतली नाय. छाटणी गोरक्षने केली, हे बांधावर बसून राहिले.

मे महिन्यात हर्षलचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी मार्गारेटबाई. तिने फोन घेऊन वेलीच्या बुडाशी धरला. वर सगळं वाळलेलं, पण मातीलगत दोन हिरवे फुटवे! हे फोनला नाक लावून बघायला लागले. बाई काहीतरी म्हणाली.

हर्षलने सांगितलं, "आबा, ती विचारतेय, ह्यातला कुठला ठेवू अन् कुठला कापू?"

ह्यांनी फोनपुढे हात जोडले अन् लहान पोरासारखे रडायला लागले.

"मी तिला विचारलं नव्हतं गं," मला म्हणाले, "अन् ती मला विचारती."