होडीखालचा गाडा

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या तालुक्याच्या कचेरीला काय काय मिळालं ते सांगितलं तर खोटं वाटेल. पंखे मिळाले, पण वीज नव्हती. टाइपरायटर मिळाला, आणि तो बडवायला मी मिळाले. मग एका दुपारी जीपच्या मागे जोडलेल्या लोखंडी गाड्यावर बसून चक्क एक लाकडी होडी आली. पुरात अडकलेल्यांना काढायला म्हणे! आमच्याकडची नदी वर्षातले आठ महिने वाळू आणि बाभळी सांभाळते. होडी बघायला सगळा बाजार लोटला. एका म्हातारीने तिला हळदकुंकू लावलं आणि ही कुठल्या देवाची म्हणून मला विचारलं. मी सांगितलं, सरकारची.

होडीसोबत नावाडी आला. रामकिशन, नांदेडचा, गोदावरीकाठचा भोई. खांदे दार भरून टाकणारे आणि आवाज मात्र लेकरासारखा बारीक. कचेरीच्या मागे आमची गल्ली, तिच्या टोकाच्या खोलीत तो आणि त्याची बायको सिंधु राहायला लागले. तिला आमचं गाव पहिल्या दिवसापासून पटलं नाही. इथे सकाळी उठल्यावर पाण्याचा आवाज येत नाही, ही तिची तक्रार. आता हिला मी पाण्याचा आवाज कुठून आणून देणार?

पुढच्या पावसाळ्यात पावसाने हुलकावण्या दिल्या, त्याच्या पुढच्या वर्षी तर तोंडच दाखवलं नाही. आड आटले, बोअर आटले, गल्लीत टँकर सुरू झाला. होडी कचेरीच्या आवारात लिंबाखाली आपल्या गाड्यावर बसून होती. रामकिशनने तिला बारदान्याने झाकून ठेवलं होतं आणि रोज तिच्याभोवती चकरा मारायचा. आज होडी कुठवर गेली, असं आम्ही सगळे त्याला विचारायचो. तो हसून म्हणायचा, लिंबापत्तर जाऊन आली ताई. चिडायचा नाही कधी. मी त्याच्या जागी असते तर एकेकाला वल्ह्याने झोडलं असतं.

अशात वरून हुकूम आला. होडी नांदेडला हलवायची, तिथे गोदावरीच्या डोहांत अजून पाणी आहे, आणि नावाड्यानेही सोबत जायचं. अट एकच. जिल्ह्याचे साहेब येऊन बघणार, आणि गाडा रस्त्यावर जायच्या लायकीचा असला तरच होडी निघणार. सिंधुने ही बातमी मला टँकरच्या रांगेत सांगितली. एरवी चार शब्दांवर न जाणारी बाई, त्या दिवशी थांबेना. माय वाट बघून राहिली, म्हणाली. तिचा चेहरा बघून मलाच बरं वाटलं.

गाड्यावर गंजाचे डाग होते. गॅस वेल्डिंगवाला शरणप्पा येऊन बघून गेला. वरवरचा गंज आहे, म्हणाला. तारेच्या ब्रशने घासा, रॉकेलने पुसा, वरून रेड ऑक्साइडचा हात मारा, काम झालं. रामकिशन त्याच दिवशी भिडला. पुढचा दांडा त्याने घासून असा चकचकीत केला की कचेरीतली माणसं बाहेर येऊन बघून गेली. मग तो होडीच्या खाली शिरला. तिथल्या आडव्या पट्ट्यांवर काळं डांबर फासलेलं होतं. ते खरवडायला त्याने पटाशी लावली.

मी खिडकीतून बघत होते. डांबराचा पापुद्रा सुटला आणि त्याच्याबरोबर लोखंडाचाही सुटला, भाकरीचा सुटावा तसा. खाली आणखी एक पापुद्रा. मग आणखी एक. शेवटी पटाशी या बाजूने घुसली ती त्या बाजूने निघाली. रामकिशनने हात बाहेर काढला आणि तो हाताकडेच बघत राहिला. मी धावत बाहेर गेले. शरणप्पाला बोलावलं. त्याने हातोडीने नुसतं टकटक केलं, तर पट्टी मोडून खाली पडली आणि होडी एका अंगावर कलली. आम्ही सगळे मागे सरलो.

शरणप्पाने पडलेला तुकडा हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, "पाऊस तर पडला न्हाई. मग याच्यावर एवढं पाणी आलं कुठून?"

मग त्याने होडीवरचा बारदाना उचलला. खालचा बारदाना ओला होता. ऐन वैशाखात, भर दुपारी ओला, पिळला तर पाणी गळेल असा.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एका हंड्यासाठी आम्ही बाया टँकरपाशी एकमेकींच्या झिंज्या धरत होतो, आणि हा माणूस लाकडाला पाणी पाजत होता! मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग त्या बारीक आवाजात त्याने सांगितलं. लाकडी होडी कोरडी राहिली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, मग ती कधीच पाण्याची राहत नाही. गोदेवर उन्हाळ्यात होड्या उथळ पाण्यात बुडवून ठेवतात. इथे बुडवायला काही नव्हतं, म्हणून तो रोज पहाटे बारदान्यावर एक हंडा ओतत होता. ते पाणी झिरपून खालच्या लोखंडावर उतरत होतं. लोखंड लाल पडलेलं त्याला दिसलं, तेव्हा त्याने त्यावर डांबर फासलं. होडीला तेच करतात, त्याच्या बापाने तेच केलं होतं. पाणी डांबराच्या आत कोंडलं आणि आतल्या आत लोखंड खात बसलं.

"लोखंडाचं मला काय कळतंय ताई," तो म्हणाला. "मी लाकडाचा माणूस."

तेवढ्यात सिंधु आली. तो हंडा ती रोज कोसावरच्या मळ्यातल्या विहिरीवरून आणत होती. टँकरचं पाणी पिण्याला, आणि हा हंडा नवऱ्याच्या अंघोळीला, असा तिचा हिशेब. तो पहाटे हंडा घेऊन आवारात अंघोळीला जातो, असंच ती समजत होती. तिने ओला बारदाना हातात धरला. तिचे ओठ उललेले होते, केसांना कितीतरी दिवसांत पाणी लागलं नव्हतं. ती ओरडेल असं मला वाटलं, ओरडावं असंही वाटलं. ती नुसती मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी मोडकी पट्टी बुटाच्या टोकाने हलवली आणि निकाल सांगून टाकला. गाडा भंगारात, होडी लाकूड म्हणून लिलावात, आणि होडी नाही तर नावाडीही इथे नको, जाऊ दे त्याला घरी. साहेबांसमोर कधी तोंड न उघडणारा रामकिशन पुढे झाला. होडी चांगली आहे, ट्रकवर घालून न्या, असं त्याने विनवलं. साहेब काही दुष्ट नव्हते. दोन उन्हाळे कोरड्यात काढलेली होडी गळत नाही हे कुणी सांगावं, तिच्यात माणसं बसवून मी कुणाचा जीव घेऊ, असं ते म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

रामकिशन म्हणाला, "पाणी भरून बघा साहेब. आतलं बाहेर आलं न्हाई, तर बाहेरचं आत यायचं न्हाई."

पाणी भरून! फाटकाबाहेर टँकर लागत होता आणि बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. आदल्या दिवसाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेलीच होती. एकच कालवा झाला. त्या नावाड्याला हाकलून द्या, इथपर्यंत बोलणं गेलं. तेव्हा सिंधु गर्दीतून पुढे आली. आदल्या दुपारपासून ती नवऱ्याशी बोलली नव्हती, आणि आताही तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आजवर आमच्या वाटचं पाणी हिनंच पिलं," ती होडीवर हात ठेवून बायांना म्हणाली. "आज गळाली तर पुढं आमच्या घराला देऊ नका."

बाया बाजूला झाल्या. गड्यांनी होडी उचलून सपाट दगडांवर ठेवली, रामकिशनने ती आतून झाडून पुसून घेतली, आणि टँकरचा पाइप तिच्यात सोडला. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून खाली बघत होतो. साहेबसुद्धा पँट सांभाळत वाकले. पाणी चढत गेलं. दगड कोरडे. पाणी काठाच्या हातभर खाली आलं, तरी दगड कोरडेच. रामकिशन होडीच्या पोटाखालून हात फिरवत होता आणि तळवा साहेबांना दाखवत होता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी इतकी थक्क झाले की आदल्या दिवशी मी त्याला काय काय बोलले तेही मला आठवेना.

मग बाया पाणी भरायला लागल्या. एरवी टँकर फाटकाबाहेरच्या आटलेल्या आडात रिकामा व्हायचा, अर्धं पाणी चिखल प्यायचा आणि उरलेल्यासाठी मारामाऱ्या व्हायच्या. आज चारी बाजूंनी बाया उभ्या राहिल्या, हात घातला की हंडा भरत होता. ना धक्का, ना शिवी. साहेब हे बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू खुलत गेला, आणि का ते मला कळायच्या आत ते बोलून गेले. उद्यापासून टँकर याच होडीत रिकामा करायचा. पाऊस पडेपर्यंत ती इथून हलणार नाही, नांदेडला मी कळवतो. त्यांनी रामकिशनच्या खांद्यावर थाप मारली आणि त्याला पाण्यावर लक्ष ठेवायला नेमलं. बायांनी साहेबांना तोंड भरून आशीर्वाद दिले. खरं सांगते, मीही दिले. घरात पाणी येणार होतं.

मग माझी नजर सिंधुकडे गेली.

ती रांगेत उभी होती, इतर बायांसारखीच. तिचा नंबर आला. रामकिशनने तिचा हंडा हातात घेतला.

"गळू दिली असती," ती म्हणाली, "तर घरी तरी गेलो असतो."

त्याने तिचा हंडा काठोकाठ भरून दिला आणि मागच्या बाईचा घ्यायला हात पुढे केला.