आप्पा गवळी आणि बाहेरचा फिल्टर

आप्पांनी आपल्या म्हशीला दावं लावून रस्त्यानं कधी ओढलं नाही. मैना पंचगंगेत डुंबत असली की हे काठावर जायचे, फटफटीला किक मारायचे, दोनदा मूठ पिळायचे आणि मागं न बघता निघायचे. पाण्यात पसरलेल्या सगळ्या म्हशींतून एकटी मैना कान टवकारून उठायची आणि शेपूट वर करून फटफटीमागं धावत सुटायची, ती थेट गोठ्यापर्यंत. मध्ये चौक, टांगे, सायकली, सुटलेली शाळा. पण कुणाला कधी शिंग लागलं नाही. "मागं काय बघायचं?" आप्पा म्हणायचे. "बायकू मागनं येत्या का न्हाई, ते बघतो का आपन? असत्या की." त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, गोठ्यातूनच उत्तर द्यायच्या, "पुढं हुबी ऱ्हायली तरी कुठं बघताय."

आमची ओळख भांडणातून झाली. दुधातल्या भेसळीवर मी एक जळजळीत पत्रक काढलं होतं आणि ते संध्याकाळच्या दूध कट्ट्यावर वाटत होतो. आप्पा रस्त्याकडेला मैनेची धार काढत बसले होते, भोवती गिऱ्हाईक पेले घेऊन उभं. त्यांनी पत्रक घेतलं, वाचलं, आणि फेसानं भरलेला पेला माझ्या हातात ठेवला. "पुढारी, ह्यात पानी कुठनं घालू तेवढं सांगा. मी तिच्या खालनं हाललेलो न्हाई." मी म्हणालो, पत्रक तुमच्याविरुद्ध नाही, प्रवृत्तीविरुद्ध आहे. "मग प्रवृत्तीला जाऊन द्या की. आधी दूध प्या, मिशी पांढरी झाल्याबिगर पुढारी दिसत न्हाई मानूस." त्या दिवसापासून मी त्यांचा पुढारी झालो, आणि रोज एक पेला प्यायलाच लागला.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून म्हशी बाहेर काढतात आणि मालकाच्या फटफटीमागं पळवतात. बहुतेक गवळी त्या दिवशी गाडीची पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढून टाकतात आणि सगळ्या पेठेच्या कानठळ्या बसवतात. पेठेत आजारी माणसं असतात, तान्ही बाळं असतात, याचा विचार कुणी करत नाही. यावर माझं एक पत्रक आहे आणि ते मी मागं घेतलेलं नाही. आप्पा मात्र पुंगळी काढत नसत. यात समाजहित वगैरे काही नव्हतं, निव्वळ मिजास होती. "ठणाणा करून कोनबी पळवंल. माझी म्हस कुजबुजीवर पळत्या."

आणि नेमक्या त्याच मिजाशीला एका पाडव्याला धक्का बसला. भर रस्त्यात फटफटी ठसकली, गुदमरली आणि बंद पडली. मैना वेगात होती. ती आप्पांना ओलांडून पुढं गेली आणि वळून त्यांच्याकडं बघत उभी राहिली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, आता तुमी पळा तिच्यामागं." सगळा रस्ता हसला. आप्पाही हसले, पण त्या वर्षी त्यांनी दिवाळीचे लाडू खाल्ले नाहीत, असं काकींनी मला हळूच सांगितलं.

पुढची दिवाळी जवळ आली तसे आप्पा अस्वस्थ झाले. चढावर गाडी अजून धापा टाकत होती. शाहूपुरीतल्या एका दुकानदारानं त्यांच्या डोक्यात भरवलं, की कंपनीचा हवेचा फिल्टर म्हणजे गाडीच्या नाकावर दाबलेली उशी. तो डबाच काढून टाका आणि हा बाहेरचा, उघडा, चकचकीत फिल्टर बसवा, गाडी वाघ होईल. आप्पांनी तो खरेदी करून आणला आणि नव्या सुनेचा दागिना दाखवावा तसा दाखवला.

मी संतापलो. कसली ताकद, किती ताकद, कुणी मोजली? दुकानदार बोलणार आणि आपण मान डोलावणार, हीच ग्राहकाची गुलामी. मी मुद्दे काढले. उघड्या फिल्टरमधून धूळ आत जाणार, पिस्टन घासणार, पेट्रोलचं नि हवेचं प्रमाण बिघडणार, आणि जुना फिल्टर तर कुणी उघडूनही पाहिलेला नाही. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पुढारी, ह्याचं बी पत्रक काडा. मी वाटतो. पर पाडव्याला गाडी बंद पडली तर लोकं तुमचं पत्रक वाचनार न्हाईत, माझं त्वांड बघनार हाईत."

फिल्टर बसला. त्या संध्याकाळी मी नदीवर त्यांच्याबरोबर होतो. गाडीचा आवाज पार बदलला होता. पूर्वीची ती जड, दबक्या गळ्यातली डुबडुब गेली, आणि कुणी तोंडात पाणी घेऊन खुळखुळवावं तसा खर्रखर्र आवाज येऊ लागला. आप्पा खूश झाले. दोनदा मूठ पिळली आणि मागं न बघता निघाले. मी काठावर होतो. मैनेनं डोकं वर केलं, आवाजाच्या दिशेनं बघितलं, आणि पुन्हा पाण्यात मान टाकली.

मी हाका मारल्या, पण त्या खर्रखर्रीत त्यांना काय ऐकू जाणार? आप्पा सगळ्या पेठेतून गेले. चौकातले लोक वळून बघतायत म्हणून आणखी ताठ बसले. लोक बघत होते, कारण मागं म्हैस नव्हती. गोठ्याशी काकी उभ्या होत्या.

"म्हस कुठं हाय?"

"मागं हाय की."

"कुनाच्या?"

मग आप्पा वळले. ते चालत नदीवर आले तेव्हा अंधारत होतं. त्यांनी मैनेच्या गळ्यात माझा गमछा अडकवला आणि तिला चालवत घरी नेलं. दाराशी आल्यावर म्हणाले, "माझा आवाज मीच इकून आलो, पुढारी."

जुना फिल्टर काकींनी उकिरड्यावरून परत आणला. गाडी गोठ्यातच, वैरणीच्या माळ्याखाली उभी असायची. कडब्याचा भुसा आणि सरकी पेंडीची भुकटी साचून फिल्टरची जाळी थापलेल्या शेणीसारखी झाली होती. काकींनी ती रॉकेलमध्ये बुडवून घासली आणि घासता घासता नवऱ्यालाही घासलं. "शेजारच्या म्हशीचं बी नाक पुसतासा. ह्या गाडीचं कवा पुसलं?" मी म्हणालो, माझ्या मुद्द्यांत हे होतंच. काकी म्हणाल्या, "मुद्दा नगं, फडकं धर."

पाडव्याला रस्ता दुतर्फा भरला होता. बिनपुंगळीच्या गाड्यांनी आभाळ फाटत होतं. मैना त्या गोंगाटात मोरपिसं लावून, परक्या पाव्हण्यासारखी उभी. आप्पांनी जुना फिल्टर परत बसवलेल्या गाडीला किक मारली. मला शेजारी उभं राहूनही इंजिन लागलं की नाही ते कळेना. मूठ दोनदा पिळली गेली, गाडी निघाली. आणि थोडं पुढं जाऊन, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, आप्पांनी मागं वळून बघितलं.

मैनेचं नाक त्यांच्या मागच्या दिव्याला लागलं होतं.

त्या रात्री ते लाडू खात बसले आणि काकी मला म्हणाल्या, "बघितलं की न्हाई शेवटी मागं?" आप्पांनी आणखी एक लाडू तोंडात कोंबला.

पुढं आप्पांचे गुडघे गेले, किक मारवेना. फटफटी माझ्याकडं आली. आप्पांनी ती चळवळीला दिली असं मी सभांतून सांगायचो, ते दुरुस्त करायचे, "गाडी मैनेची हाय. पुढाऱ्याला चालवायला दिलीया." अट एकच होती. दिवसा आजरा, गडहिंग्लज कुठंही जा, संध्याकाळी म्हैस नदीवरून घरी आणायची. एकदा मोर्च्याला उशीर झाला म्हणून मी नदीकडच्या रस्त्यानं गेलो, आणि मैना थेट कचेरीपर्यंत मोर्च्यात आली. सगळ्यांत शिस्तीत तीच चालली.

आप्पा गेले त्या दिवसांत गाडी माझ्या दारात उभी होती. कुणाला काही सुचत नव्हतं. मग एका सकाळी काकींचा निरोप आला, गाडी घेऊन ये. गेलो. मैना दाव्याला उभी, पुढची वैरण तशीच. "कालपास्नं त्वांड लावलं न्हाई," काकी म्हणाल्या. "सुरू कर."

मी किक मारली, दोनदा मूठ पिळली. मैनेनं कान हलवले, माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं, आणि सावकाश वैरणीत तोंड घातलं. मी चावीकडं हात नेला.

"बंद करू नगंस," काकी म्हणाल्या. "तिचं खाऊन हुंदे."

इंधन वाचवा, असं पत्रक मी त्याच महिन्यात छापून आणलं होतं. गठ्ठा गाडीच्या मागं बांधलेला होता. मैना सावकाश खात होती आणि मी गाडीवर बसून राहिलो.